भादव्याच्या गोळ्या

मी माझ्या सासूला ढकललं. हे आधीच सांगून टाकते. मागे ठेवलं तर पुढचं सगळं मी स्वतःला चांगलं दाखवायला लिहिलं, असं कोणालाही वाटेल, आणि ते खोटंही नसेल.

चैत्र संपत आला होता. सकाळची शाळा होती. सासूबाईंचं वय ऐंशीच्या वर, गुडघे गेलेले, डोळ्यांना नुसत्या सावल्या दिसतात. त्यांना न्हाऊ घालायचं काम माझंच. मागच्या अंगणातल्या न्हाणीत त्या दगडावर बसल्या होत्या आणि पाणी थंड आहे, आता फार गरम आहे, साबण डोळ्यात गेला, हे नेहमीचं चाललं होतं. त्यात नवीन काहीच नव्हतं. पण माझ्या पोटातून एक भपका उठला, कानापर्यंत गेला, आणि त्यांच्या दंडाला धरून मी त्यांना हिसका दिला. "बसा ना एकदाच्या गप!" त्या दगडावरून खाली घसरल्या, भिंतीला टेकल्या. ओरडल्या नाहीत. ओल्या लुगड्यात हात पोटाशी धरून बसून राहिल्या आणि मी कुठे उभी आहे ते मान फिरवून शोधू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दंडावर काळंनिळं आलं. ह्यांनी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घसरली मी. शेवाळ होतं." चैत्रात कुठलं आलं शेवाळ? ह्यांनी काही पुढे विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. शाळेत जाऊन चौथीच्या वर्गासमोर उभी राहिले आणि सातचा पाढा म्हणताना सात नव्वे किती ते मला आठवेना. पोरं माझ्याकडे बघत राहिली. एक पोरगी हळूच म्हणाली, "तिरेसठ, म्याडमजी." मी फळ्याकडे तोंड केलं आणि रडले.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. दोन वर्षांपासून पाळीचा काही नेम राहिला नव्हता, आणि संक्रांतीच्या आधी जी आली ती शेवटचीच असं समजून मी सुटले म्हणत होते. कसलं सुटणं! अंगातून वाफा निघायच्या. पंख्याखाली बसून ब्लाउज ओलाचिंब. झोप म्हणजे तासभराची डुलकी. शब्द ऐन वेळी पळून जायचे. हे सगळं मी सोसलं असतं, बायका सोसतातच, माझ्या आईनंही सोसलं असेल. पण राग सोसवेना. तो माझा वाटायचा नाही. यायचा आणि जायचा, आणि मधल्या वेळात माझे हात काय करतील याची मला खात्री नव्हती. त्या दिवशी भिंत जवळ होती म्हणून त्या टेकल्या. भिंत नसती तर?

आठ दिवसांनी मी ह्यांना म्हटलं, "आईंना लाखांदूरला पाठवा. माझ्याच्यानं होत नाही आता." कारण सांगितलं नाही. लाखांदूरला माझी नणंद, एकुलती एक. ती आली, आईच्या शेजारी बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "महालक्ष्म्या होऊ दे घरच्या. मग नेतो मी." नणंदेचं घर दुकानाच्या वर, चढायला अरुंद जिना, अंगण नाही. सासूबाई एकदा वर चढल्या की खाली उतरणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.  सासूबाईंनी एवढंच विचारलं, "तिकडं कोंबडा आरवते का गा?" ह्यांनी "हो हो" म्हटलं आणि धानाच्या बांधीवर निघून गेले.

म्हणजे माझ्याकडे भादव्यापर्यंतचा वेळ होता. तोवर मी माणसात आले तर त्या आपल्या घरात राहणार, नाही तर जाणार. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. पण मला रोज उठल्याबरोबर तेच आठवायचं.

आता औषधाचं सांगते. मला औषध सोसत नाही. हे आमच्या घरात इतकं जुनं आहे की त्याची थट्टा होते. "हिले गोळी दाखवली तरी चक्कर येते," असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. तापाची गोळी मी अर्धी घेते. खोकल्याच्या औषधानं मी एकदा दोन दिवस झोपून काढले. एका इंजेक्शननं अंगभर गांधी उठल्या होत्या, तेव्हा साकोलीच्या डॉक्टरांनी कागदावर लाल पेनानं लिहून दिलं होतं. त्यामुळे भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे जाताना मी मास्तरणीसारखी तयारी केली. रेघा मारलेल्या दोन पानांवर तक्ता केला: कुठलं औषध, कुठल्या साली, काय झालं. बाईंनी तो वाचला आणि हसल्या. "असा पेशंट मला पहिल्यांदा मिळाला," म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं तपासलं. रक्त, सोनोग्राफी, छातीची तपासणी, घरात कोणाला कॅन्सर, कोणाला रक्ताची गाठ. आणि विचारलं, "याआधी कधी हार्मोनच्या गोळ्या घेतल्या होत्या? पाळीसाठी, मूल होऊ नये म्हणून, कशासाठीही?"

मी म्हटलं, "नाही जी. कधीच नाही."

अगदी ठामपणे म्हटलं. खोटं बोलत होते असंही नाही. मला खरंच तसंच वाटत होतं.

त्यांनी दोन औषधं दिली. एक जेल, ट्यूबमधलं. सकाळी आंघोळीनंतर मांडीवर चोळायचं, वाळू द्यायचं, ती जागा दुसऱ्या कोणाच्या अंगाला लागू द्यायची नाही. "तुमचा तक्ता बघून निम्म्यावरच सुरू करू," म्हणाल्या. दुसरी गोळी, महिन्यातले बारा दिवस. गर्भाशय आहे ना अजून, नुसतं जेल लावलं तर आतलं अस्तर वाढतं, ते धोक्याचं. म्हणून ती दुसरी गोळी घ्यावीच लागते. एकाशिवाय दुसरं नाही. शेतकऱ्याच्या घरातली मी, मला लगेच कळलं. एक बैल घेऊन वखर चालत नाही.

जेलला स्पिरिटचा वास. पहिल्या दिवशी सासूबाईंना चहा द्यायला गेले तर त्यांनी नाक वर केलं. "काय व, सकाळी सकाळी दारू प्याली का तू?" मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं होतं.

दहा-बारा दिवस काहीच झालं नाही. मग एका पहाटे जाग आली तेव्हा उजाडलेलं होतं. मी घाबरून उठले, काय झालं कळेना. काही झालं नव्हतं, मी झोपले होते. हळूहळू वाफा कमी झाल्या. पाढे परत आले. सासूबाई साबणाबद्दल कुरकुरल्या आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. न्हाणीतून बाहेर येऊन मी देवाला हात जोडले, इतका मला आनंद झाला.

मग दुसरी गोळी सुरू करायचा दिवस आला.

तिसऱ्या दिवशी तोंड कडू झालं. पाचव्या दिवशी पाय सुजले, छाती अशी ठणकायला लागली की पदर लागला तरी नको वाटायचं. पोटात ढवळायचं. आणि मनावर असं काही येऊन बसलं की मी शब्दात सांगू शकत नाही. स्वयंपाकघरात कढईसमोर उभी आणि वाटायचं, कशाला हे सगळं, संपलं तर बरं. हे मी लिहिते आहे ते कोणाला घाबरवायला नाही. पण तसं वाटलं होतं, आणि एका गोळीनं वाटलं होतं. सहाव्या दिवशी मी गोळी सोडली. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अर्धी करून बघू, पुढच्या महिन्यात. अर्धी करून बघितली. तेच झालं, दोन दिवस उशिरा.

तेव्हा धानाचे रोवणे चालू होते. हे दिवसभर चिखलात, संध्याकाळी थकून यायचे आणि मला पडलेली बघून ताटावर बसायचे. एकदा म्हणाले, "कायले जीव काढून राहिली? होतेच ना हे बायकांले. दोन-चार वर्षांत जाईन." मी म्हटलं, "दोन-चार वर्षं आई लाखांदूरला जिन्यावर बसतील, चालेल?" त्यांनी वरण वाढून घेतलं. वाईट माणूस नाही तो. कोणत्या बाजूनं बोलावं ते त्याला समजत नव्हतं.

बाई फोनवर म्हणाल्या, "दुसरं सोसत नसेल तर जेलही बंद करावं लागेल. मी तुम्हाला नुसतं जेल देऊ शकत नाही. आणखी एकदा नीट आठवून बघा. असा त्रास आधी कधी, कशानं झाला होता?" मी तक्ता काढला, दोन्ही पानं वाचली. म्हटलं, "नाही जी, असा कधीच नाही." त्या म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात या, मग ठरवू. म्हणजे बंद करायचं ठरवू. मला कळलं ते.

आषाढातली दुपार होती, रविवार. मी छपरीत पाय वर करून पडले होते. सासूबाई शेजारी भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. डोळे नाहीत पण बोटं अजून तरबेज आहेत. सोलता सोलता त्यांनी हात लांब केला, माझा घोटा चाचपला आणि अंगठ्यानं दाबला. खळगा पडला असेल, तो त्यांनी बोटानं बघितला.

"सुजले पाय."

"हो."

"तोंड कडू येते?"

"येते."

"छाती ठणकते?"

हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. मी उठून बसले. "तुम्हाले कसं मालूम?"

त्या म्हणाल्या, "भादव्यात होत होतं ना तुले. दरसाल."

आमच्या घरात एक बोलणं होतं: हिला भादवा लागतो. महालक्ष्म्यांच्या चार-सहा दिवस आधीपासून मी आजारी पडायची. सूज, ओकाऱ्या, रडरड. तीन दिवसांचा सण, त्यातल्या मधल्या दिवशी ओल्या लुगड्यानं सोवळ्यातला स्वयंपाक, पुरण, आंबील, सोळा भाज्या. एवढं एकटीनं करायचं म्हणजे दुखणारच, असं सगळे म्हणायचे आणि मीही तेच म्हणायची. आणि त्या ओल्या लुगड्यात उभं राहायला पाळी आलेली चालत नाही. महालक्ष्म्यांचं काम घरच्या सुनेचं, लेकीनं करायचं नाही, ती माहेरवाशीण, तिनं येऊन जेवायचं. सून एकच, मी. म्हणून सासूबाई पोळ्याच्या सुमारास दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागवायच्या. बहुतेक साली माझी तारीख जवळ असो नसो, खात्रीसाठी. सकाळी चहाबरोबर बशीत ठेवून द्यायच्या. सोवळ्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हापासून पाळीचा नेम जाईपर्यंत, सतरा वर्षं.

ते मी तक्त्यात लिहिलं नव्हतं. खोकल्याचं औषध लिहिलं होतं, मलम लिहिलं होतं. त्या गोळ्या मला औषध वाटल्याच नव्हत्या. त्या देवीच्या कामाच्या होत्या. कुंकू आणतात, खोबरं आणतात, तशा आणल्या जायच्या. आमच्याकडे कितीतरी घरांत आणल्या जातात आणि कोणी बाई डॉक्टरला सांगत नाही. कशाला सांगेल? आजारी असलेली बाई औषध घेते. आम्ही तर सणाला घ्यायचो.

 मी विचारलं, "आई, त्या गोळ्यांनी मले होत होतं?"

"हो."

"तुम्हाले मालूम होतं?"

लसणाची पाकळी त्यांनी ताटात टाकली. "पहिल्या दोन-तीन साली नाही समजलं. मग समजलं. तू ढोरांच्या कोठ्यामागं जाऊन ओकत होती, मी ऐकत होती. एका साली तारीख दूर होती म्हून मी देल्ल्या नाही. त्या साली तुले काहीच नाही झालं."

"मग काहून देत होत्या?"

"घरात दुसरं कोण होतं?" त्या म्हणाल्या. "आणि तू नाही म्हटलं नाही कधी."

नाही म्हटलं नाही! बावीस वर्षांची आले होते मी या घरात. त्यांच्या पावलांचा आवाज आला की मी हातातलं भांडं खाली ठेवून उभी राहायची. त्यांच्यापुढे बसून जेवायची माझी छाती नव्हती आणि त्यांनी ठेवलेली गोळी मी नाकारणार होते? मी त्यांना हे सगळं बोलले. मोठ्यानं बोलले. शेजारचं ऐकत असेल तर ऐको. चैत्रात मी त्यांना ढकललं त्या दिवशी मला त्यांचा राग आला नव्हता, तो कसला तरी भपका होता. पण त्या दुपारी मला त्यांचा खरा राग आला, माझा स्वतःचा, आणि माझे हात मांडीवर शांत होते. मला तेव्हा ते लक्षात आलं नाही, नंतर आलं.

सासूबाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टरीणले सांग. लिहून दे तिले." आणि लसूण सोलायला लागल्या.

मी लिहून नेलं. भंडाऱ्याला बाईंनी ते वाचलं, पेन खाली ठेवलं. "सतरा वर्षं? अहो, मी तुम्हाला विचारलं होतं." मग बहुधा माझा चेहरा बघून त्यांनी आवाज उतरवला. त्या दुकानातल्या गोळ्या आणि त्यांनी मला दिलेली दुसरी गोळी, दोन्ही एकाच जातीच्या होत्या. माझ्या अंगाला ती जातच चालत नव्हती. "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी ही गोळी लिहिलीच नसती," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या प्रकारचं मिळतं, शरीरात जसं तयार होतं तसंच. आणि ते तोंडानं नाही घ्यायचं, झोपताना आतून ठेवायचं. रक्तात कमी जाईल. बघू." मला लाजल्यासारखं झालं. पण इतकं झाल्यावर लाज कुठवर धरायची.

ते सोसलं. एकदम नाही. दोन दिवस डोकं जड, तिसऱ्या दिवशी उगाच रडू, चौथ्या दिवशी बरं. मी वहीत रोजचं लिहून ठेवत होते, सूज आहे की नाही, झोप किती, राग आला का आणि कशाचा. सूज आली नाही. ते काळं काही मनावर येऊन बसलं नाही. बारा दिवस झाले, औषध थांबलं, आणि बाईंनी सांगितलं होतं तसं दोन दिवसांनी थोडं रक्त गेलं. "भिऊ नका, ते येणारच, पुढचे काही महिने दर महिन्याला येईल," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

दर महिन्याला. मी घरी येऊन कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. पुढचं बरोबर महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी येत होतं.

मला उपाय माहीत होता. तीन दिवस औषध जास्त घेतलं असतं तर ते पुढे गेलं असतं. कोणाला कळलं नसतं, त्रासही कदाचित झाला नसता. पूर्ण दोन दिवस मी त्यावर विचार केला. माझी पोरगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, घेऊन टाक ना, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे." तिनं ते इतकं सहज म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. तीसुद्धा शिकली हे, आणि माझ्याकडे बघूनच शिकली असणार. मी बाराव्या दिवशी औषध थांबवलं.

महालक्ष्म्या बसल्या. मुखवटे, नवीन साड्या, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पुरण शिजायला टाकायच्या आधी, आलं. लाखांदूरची नणंद आदल्या दिवशीच आली होती, आईचे कपडे न्यायला मोठी बॅग घेऊन. हे तिथंच होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगितलं, "मी बाहेरची झाली. औषधानं झाली. मले हे आधीपासून मालूम होतं आणि मी ते पुढं ढकललं नाही."

नणंदेनं तोंडावर हात ठेवला. "या वयात? असल्या दवाया कायले घेते वहिनी तू? आता नैवेद्याचं काय कराचं? गाव जेवायला येऊन राहिलं!" हे बाहेर जायला वळले.

सासूबाई देवीसमोर पाटावर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पुरण टाक."

मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. "आई, मी बाहेरची आहे."

"ऐकलं ना. आंधळी आहे मी, बहिरी नाही. न्हाऊन ये आणि पुरण टाक."

"देवी कोपन, आई," नणंद रडवेली झाली.

"कोपली त मले कोपन. मी सांगून राहिली." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "सतरा भादवे तिनं ओकत ओकत रांधलं. मी मारून मुटकून रांधायला लावलं. ते देवीनं खाल्लं. हे बी खाईन."

मी न्हाले आणि पुरण टाकलं. रडत होते, ते पुरणाच्या वाफेनं की कशानं ते कोणी विचारलं नाही. नणंद जेवली, पण माझ्याशी बोलली नाही. अजूनही ती त्या दिवसाबद्दल बोलत नाही आणि तिला तसा हक्क आहे.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. दुपारच्या एसटीनं सासूबाई लाखांदूरला जाणार होत्या. नणंद त्यांची लुगडी घड्या करून बॅगेत भरत होती आणि ह्यांना सांगत होती, "चैत्रात घसरल्या तसं पुन्हा झालं तर? वहिनीले शाळा आहे, किती लक्ष देईन?"

मी म्हटलं, "त्या घसरल्या नव्हत्या. मी ढकललं होतं."

 हे माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटलं आता हा माणूस पुन्हा माझ्याकडे पूर्वीसारखं बघणार नाही. नणंदेनं बॅगेची चेन ओढली. "चल आई," म्हणाली, "आता त मी एक घडी ठेवत नाही तुले."

सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं जरा बाहेर जा."

ते दोघं गेले. मी उभीच होते. त्यांनी मान फिरवून मी कुठे आहे ते शोधलं, तसंच जसं त्या दिवशी शोधलं होतं, आणि मी त्यांना सोपं जावं म्हणून जवळ जाऊन खाली बसले.

"आता येते का तसा राग?"

"येतो. पण समजतो मले, येऊन राहिला ते. आला की मी खोलीतून निघून जाईन. पुन्हा होणार नाही असं मी देवाची शपथ घेऊन नाही सांगू शकत, आई."

त्यांनी पदर गुडघ्यावर सारखा केला. मग म्हणाल्या, "मले तुझं भेव वाटते."

हे मला ठाऊक होतं. चैत्रापासून मी न्हाणीत तांब्या उचलला की त्यांचे खांदे आवळले जायचे, ते मी रोज बघत होते. पण त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हटलं, "मग जा तुम्ही. खरंच जा. मी मनाला लावून घेणार नाही."

त्यांनी चाचपडत माझा हात शोधला.

"तुलेही माझं भेव वाटत होतं," त्या म्हणाल्या. "तू राहिली ना?"

मी उठले, बाहेर गेले आणि नणंदेला सांगितलं की बॅग रिकामी करा.